नवी बॅटरी घेण्याआधी हातातली मोजून बघा

चिपळूणहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो:

"आमची सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. दिवाळीत भावाने हौसेने अँड्रॉइड स्टिरिओ, डिकीत अँप आणि वूफरची पेटी बसवून दिली. तेव्हापासून तीन त्रास सुरू झाले. गाडी फक्त शनिवार-रविवारी निघते. रविवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी बुधवारी कशीबशी सुरू होते, गुरुवारी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. दुसरं, ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते आणि रेस वाढवली की शिट्टीही चढत जाते. तिसरं, गाणं मोठं केलं की वूफरच्या ठोक्यावर हेडलाइट मिणमिणतात आणि मधूनच अँप बंद पडतं. बसवणारे म्हणतात, मोठी बॅटरी घ्या आणि कपॅसिटर लावा. सर्व्हिस सेंटरने बाहेरचं काम म्हणून हात लावला नाही. बॅटरी दीड वर्षाचीच आहे. नवी घेऊ का? बॉनेटखालचा फोटो सोबत पाठवते आहे."

नमस्कार ताई,

बॅटरीवर येतोच, पण तुमचा फोटो पाहिला आणि जे तुम्ही विचारलंच नाही ते आधी सांगणं मला भाग आहे. बॅटरीच्या धन टोकावरून निघालेली जाड लाल वायर सरळ इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकातून आत गेलेली दिसते. तिच्यावर बॅटरीजवळ कुठेही फ्यूज नाही. अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरला, स्वतःचे फ्यूज असतात, पण ते अँपला वाचवतात. बॅटरीपासून डिकीपर्यंतची चार-पाच मीटर वायर त्यांच्या राखणीत येत नाही. भोकाला रबरी बूच नसेल तर पत्र्याची धार रोज थोडी थोडी इन्सुलेशन खाते. ज्या दिवशी तांबं पत्र्याला टेकेल त्या दिवशी बॅटरी शेकडो अँपिअर त्या वायरीत ओतेल, आणि चावी काढलेली असली तरी ओतेल. गाडीला आग लागण्याचा हा अगदी सरळ रस्ता आहे.

म्हणून आजच हे करा. गाडी बंद, चावी बाहेर. १० नंबरच्या पान्याने आधी ऋण टोकाचा, म्हणजे काळा क्लॅम्प काढा. मग धन टोकावरून अँपची लाल वायर सोडवा, तिच्या थिंबलला (टोकावरच्या धातूच्या कडीला) जाड टेप गुंडाळून ती बाजूला बांधा आणि काळा क्लॅम्प परत लावा. हा क्रम बदलू नका. काळा आधी निघाला की लालवर काम करताना पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. फ्यूज बसेपर्यंत वूफर बंद राहील. अँपवरचे इतर स्पीकरही गप्प होतील. तेवढं सोसा.

फ्यूज बॅटरीपासून वायरीच्या लांबीने ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. त्याचा आकडा अँपवर छापलेल्या वॅटवर ठरवायचा नसतो, वायरीच्या जाडीवर ठरवायचा असतो. ८ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर असेल तर ५० अँपिअरचा. "फ्यूज सारखा उडतो, मोठा टाकतो" असं कोणी म्हणालं तर त्या माणसाकडून काम करून घेऊ नका.

आता बॅटरी. तुम्ही लिहिलेल्या दिवसांवरूनच बरंच कळतं. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती निम्मी उतरली की सेल्फ कुरकुरायला लागतो, म्हणजे साडेसतरा अँपिअर-अवर गेले असं धरू. रविवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ होतात सुमारे ८४ तास. भागाकार केला की ०.२ अँपिअर येतात. म्हणजे गाडी उभी असताना कोणीतरी साधारण २०० मिलिअँपिअर सतत पितं आहे. निरोगी गाडी झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत राहते आणि त्या हिशेबाने तुमची गाडी दोन आठवडे उभी राहूनही उठायला हवी. बॅटरी वारंवार तळाला जाऊन आधीच थकली असेल, तर खरी गळती याहून थोडी कमीही निघू शकेल.

या आकड्यावरून संशयितही कमी होतात. चावी काढल्यावर अँप पूर्ण चालू राहत असतं तर त्याने एकट्याने अर्धा-एक अँपिअर ओढला असता आणि बॅटरी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच बसली असती. अडीचशेच्या आतली गळती ही बहुतेक वेळा स्टिरिओची असते. तो बंद दिसतो, पण झोपलेला नसतो. तरी अंदाजावर थांबू नका, मोजा.

डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात मिळतो. बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्या. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. दारं बंद करा. बॉनेट उघडं ठेवावंच लागेल. काळा क्लॅम्प काढून मीटरची एक सुई क्लॅम्पला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. सुया हाताने धरून अर्धा तास उभं राहणं जमणार नाही, चिमटे असलेल्या वायरी घ्या. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण वीज परत जोडल्यावर गाडीतले कंट्रोल युनिट जागे होतात. वीस ते चाळीस मिनिटांत ते झोपतात. त्या वेळात दार उघडू नका, रिमोटचं बटण दाबू नका आणि मीटर मध्ये असताना चावी फिरवून सेल्फ तर अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. काम झालं की लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि पुढच्या वेळी तुम्ही व्होल्ट बघायला सुया बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या, तर तो थेट शॉर्ट असतो.

अँपची वायर तुम्ही आधीच सोडवलेली असेल. तरीही आकडा २०० च्या आसपास राहिला तर अँप निर्दोष. मग स्टिरिओच्या पिवळ्या वायरीवरचा फ्यूज काढा आणि आकडा तीस-चाळीसवर येतो का बघा. आला तर चोर सापडला.

स्टिरिओला वीज देणाऱ्या वायरी दोन. पिवळी कायमची, घड्याळ आणि आठवण जपणारी. लाल चावीची, म्हणजे चावी ॲक्सेसरीवर आली की हिच्यात १२ व्होल्ट यायला हवेत आणि चावी काढली की शून्य. घाईत बसवणाऱ्याला ॲक्सेसरीची वायर सापडली नाही की तो लाल आणि पिवळी एकत्र पिळून टाकतो. स्टिरिओ चालतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण स्टिरिओच्या लेखी चावी कधी निघतच नाही. पडदा काळा असतो, आतला प्रोसेसर जागा असतो. कसं ओळखायचं? चावी बाहेर काढून, दार एकदा उघडून बंद करून, दहा मिनिटांनी लाल वायरीवर व्होल्ट मोजा. १२ दिसले तर हेच झालं आहे. काही गाड्यांच्या, विशेषतः फोक्सवॅगन गटाच्या, कपलरमध्ये (वायरी जोडण्याच्या प्लगमध्ये) या दोन वायरींच्या जागा उलट असतात. तिथे उलटं दुखणं होतं, चावी काढली की स्टिरिओ सगळी सेटिंग विसरतो.

लाल वायर बरोबर शून्यावर येत असेल तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जा. अँड्रॉइड स्टिरिओ दोन सेकंदांत सुरू व्हावेत म्हणून चावी काढल्यावर पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतात. बहुतेकांत किती वेळाने पूर्ण बंद व्हायचं याचा पर्याय असतो. रोज ऑफिसला जाणाऱ्याला अर्धवट झोप चालते. पाच दिवस उभ्या राहणाऱ्या तुमच्या गाडीला लगेच पूर्ण बंद हेच योग्य. शनिवारी सकाळी सुरू व्हायला अर्धा मिनिट जास्त लागेल, इतकंच. मागचा कॅमेरा किंवा डॅशकॅम बसवलेला असेल तर त्यांची वायर कुठून घेतली आहे तेही याच बैठकीत बघून घ्या.

हे करताना एक पथ्य. डॅशबोर्डखाली आणि स्टिअरिंगच्या आसपास पिवळे कपलर आणि पिवळ्या स्लीव्हच्या वायरी दिसतील. त्या एअरबॅगच्या. तिथे मीटरची सुई नको, टेस्ट लॅम्प नको, बोटही नको.

शिट्टीकडे येऊ. लोक सगळ्यात जास्त पैसे हिच्यावर वाया घालवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डायनॅमो आधी एसी वीज बनवतो आणि डायोडमधून तिची डीसी करतो. ही डीसी अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतात. इंजिनाचे फेरे वाढले की लाटा दाट होतात, म्हणून शिट्टी चढते. या लाटा प्रत्येक गाडीत असतात. स्टिरिओ आणि अँप यांचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला दिलेली ऋण जोडणी) एकाच पातळीवर असेल तर त्या ऐकू येत नाहीत. दोघांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा जरी फरक पडला तरी तो फरक ऑडिओच्या केबलमधून वाहतो, आणि अँप त्याला गाणं समजून मोठं करतं. थोडक्यात, शिट्टी येते ती बहुतेक वेळा अर्थिंगमधून.

फ्यूज बसवून अँप परत जोडलं की इंजिन सुरू ठेवून हे बघा. स्टिरिओचा आवाज शून्यावर न्या. शिट्टी तितकीच राहिली तर ती आवाजाच्या बटणाच्या पुढे, म्हणजे ऑडिओ केबल, अर्थ किंवा अँपमध्ये शिरते आहे. आवाजासोबत कमी-जास्त होत असेल तर ती स्टिरिओच्या आधी किंवा आतच शिरते. फोन चार्जिंगला लावून ऑक्स केबलने गाणी ऐकता तेव्हाच शिट्टी येते आणि ब्लूटूथवर येत नाही, असं असेल तर दोष चार्जरच्या वाटेचा. मग ब्लूटूथ वापरा आणि विषय संपवा.

यानंतर इंजिन बंद करून, स्टिरिओही बंद करून, अँपमधून ऑडिओच्या केबली उपटा आणि परत इंजिन सुरू करा. शिट्टी गेली नाही तर अँपची स्वतःची वीज किंवा अर्थ खराब. गेली तर आता अँपला थेट फोन जोडा, चार्जिंगला न लावलेला, हेडफोनच्या पिनेवरून. स्वच्छ आवाज आला तर अँप ठीक आणि दोष स्टिरिओत किंवा डिकीपर्यंत गेलेल्या केबलीत. स्टिरिओच्या मागे केबल जिथे बसते, तिथल्या बाहेरच्या धातूच्या कड्यापासून स्टिरिओच्या पत्र्यापर्यंत एक साधी वायर टेकवून बघा. शिट्टी एकदम थांबली तर स्टिरिओच्या आतला ऑडिओ अर्थचा बारीक धागा जळलेला आहे. स्टिरिओ चालू असताना अँपचा अर्थ सुटला किंवा केबली काढल्या-घातल्या की असं होतं. ती वायर तिथे कायमची नीट जोडली तरी काम भागतं.

कोकणातल्या गाडीत मी आधी अँपचा अर्थ उघडून बघतो. तुमच्याकडचा पाऊस आणि दमट हवा पत्र्याला सोडत नाही. डिकीत स्क्रू मारून रंगावरच थिंबल आवळलं असेल तर दिवाळीत चाललेलं काम पुढच्या पावसाळ्यात गंजतं. अर्थची वायर ४५ सेंटीमीटरच्या आत, लाल वायरीइतकीच जाड. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि वरून व्हॅसलीन किंवा रंगाचा हात द्यायचा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरलेला दिसला तर ताबडतोब सोडवा आणि तो बोल्ट सर्व्हिस सेंटरकडून योग्य जोराने आवळून घ्या. तो अपघातात माणूस धरून ठेवतो, त्याच्यावर दुसरं कुठलंही काम टाकायचं नाही.

अर्थ चांगला की वाईट हे डोळ्यांनी कळत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक सुई अँपच्या अर्थच्या स्क्रूवर, दुसरी लांब वायरीने बॅटरीच्या ऋण टोकावर, आणि गाणं मोठ्याने लावा. ०.१ व्होल्ट म्हणजे उत्तम, ०.२ पर्यंत चालेल, अर्धा व्होल्ट दिसला तर शिट्टी तिथूनच येते आहे आणि हेडलाइटच्या मिणमिणण्यातही त्याचा वाटा आहे. ऑडिओच्या केबली आणि जाड लाल वायर गाडीच्या एकाच बाजूने नेल्या असतील तर त्या वेगळ्या बाजूंनी न्याव्यात. एकमेकींना छेद द्यावाच लागला तर काटकोनात द्यावा. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी बाजारात मिळते. शिट्टी ती थांबवते, पण स्वस्तातली असेल तर खालचे सूरही खाते. अर्थ सुधारल्यानंतरही काही उरलं तरच तिचा विचार करा.

तिसरं दुखणं वायरीचं असण्याची शक्यता जास्त. अँपच्या डब्यावर छापलेले हजारो वॅट विसरा. अँपवर लावलेले फ्यूज बघा. २५ चे दोन असतील तर ते ५० अँपिअरपेक्षा जास्त ओढूच शकत नाही. १३.८ व्होल्टला हे झाले ६९० वॅट, आणि त्यातले काही उष्णतेत जातात. खरं काम साधारण ४०० ते ५५० वॅटचं.

आता वायर. समजा ४५ अँपिअर, ५ मीटर, ८ चौरस मिलिमीटर शुद्ध तांबं. वाटेत जवळजवळ अर्धा व्होल्ट गळतो. तीच वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर पाऊण व्होल्ट, २१ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर ०.२ च्या आत. स्वस्त 'अँप किट'मधली वायर बाहेरून करंगळीएवढी दिसते, पण त्यातलं बरंचसं रबर असतं. टोक थोडं सोलून चाकूने खरवडा. आत चंदेरी निघालं तर ते ॲल्युमिनियम. वायर बदला.

खात्री अशी करा. इंजिन सुरू ठेवून मोठ्या गाण्यावर आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा, मग अँपच्या दोन टोकांवर. बॅटरीवर १४ आणि अँपवर १२.५ असतील तर दीड व्होल्ट वाटेत मरतो आहे. यावर नवी बॅटरी काहीही करू शकत नाही. बॅटरीवरच आकडा १४ वरून १२.५ वर घसरत असेल, तर डायनॅमो पुरा पडत नाही. एसी, हेडलाइट आणि वूफर एकाच वेळी, तेही सिग्नलला उभ्या गाडीत, हे छोट्या डायनॅमोला जड जातं. तिथे वूफरचा गेन (अँपवरचं जोर कमी-जास्त करायचं बटण) खाली आणणं हाच स्वस्त आणि शहाणा उपाय. कपॅसिटर ठोक्यापुरती क्षणभर मदत करतो. तो स्वतः वीज बनवत नाही आणि रिकामा झाला की डायनॅमोकडूनच मागतो.

अँप मध्येच बंद पडतं त्याचं आणखी एक कारण तपासा, वूफरचे ओहम. वूफरच्या वायरी अँपमधून काढून मीटरने मोजा. ४ ओहमचा वूफर मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो. दोन तारा आल्या आणि दीड-पावणेदोन दिसले, तर दोन कॉइल समांतर जोडून २ ओहम केलेले आहेत. अँप ब्रिजमध्ये (दोन चॅनल एकत्र करून एकाच वूफरला जोडलेलं) ४ ओहमच्या खाली चालत नसेल तर ते स्वतःला वाचवण्यासाठी बंद होणारच.

कामाला माणूस लागणार आहे, तो निवडताना अँपच्या ब्रँडपेक्षा त्याच्याकडे मीटर आणि क्रिम्पिंगचा पक्कड आहे का ते बघा. कंपनीची वायर कापून टेप गुंडाळणाऱ्याला नको म्हणा. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमध्ये टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. तुमच्या मॉडेलचा कपलर-टू-कपलर हार्नेस (दोन्ही टोकांना तयार कपलर असलेली वायरींची जुडी) बाजारात मिळतो, तो लावून घ्या, म्हणजे उद्या स्टिरिओ काढला तरी मूळ वायरिंग शाबूत राहील. आणि नूतनीकरणाच्या वेळी या सामानाची बिलं दाखवून विमा पॉलिसीत नोंद करून घ्या, नाहीतर चोरी झाली तर स्टिरिओ-अँपचे पैसे मिळणं अवघड.

नवी बॅटरी घ्यायची का, याचं उत्तर आता तुम्हालाच मोजता येईल. सध्याची बॅटरी बाहेरच्या चार्जरने ३-४ अँपिअरवर रात्रभर भरा. घाटातली अर्ध्या तासाची फेरी तळाला गेलेली बॅटरी भरत नाही. नंतर काळा क्लॅम्प काढून ठेवा आणि बारा तासांनी व्होल्ट बघा. १२.६ च्या जवळ असतील तर बॅटरी जिवंत आहे. १२.४ च्या खाली घसरली तर आतून गेली, आणि दीड वर्षाचीच असल्यामुळे वॉरंटी कार्ड घेऊन विक्रेत्याकडे जा, तो लोड टेस्ट करून देईल. १२.६ वरची बॅटरीही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली पडत असेल तरी हाच निर्णय. बदलावी लागली तर तेवढ्याच क्षमतेची घ्या, आणि गळती ५० मिलिअँपिअरच्या आत आल्यावरच घ्या, नाहीतर तीही गुरुवारी सकाळी टक-टक करेल.

तोवर दर रविवारी गाडी लावताना स्टिरिओच्या पिवळ्या वायरीचा फ्यूज काढून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. गळतीचा, अर्थचा आणि अँपवरच्या व्होल्टचा असे तीन आकडे लिहून पाठवलेत तर पुढचं नेमकं सांगता येईल. पण ती बिनफ्यूजची लाल वायर मात्र माझ्या उत्तराची वाट न बघता आजच सोडवा.